घेतले सतरा, दिले सतरा

नोकरी सुटली तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. कुणी हाकललं नाही. परळच्या एका कापड कंपनीच्या ऑफिसात सव्वीस वर्षं मी जुने कागद सांभाळले. कुठल्या सालचा करार कोणत्या कपाटात, कितव्या खणात, हे मी डोळे मिटून सांगायचे. मग एकदा दोन माणसं स्कॅनर घेऊन आली आणि चार महिन्यांत माझी चौदा कपाटं अंगठ्याएवढ्या एका डबीत गेली. साहेबांनी शाल आणि नारळ दिला. दुसऱ्या दिवशी सवयीने साडेपाचला उठले, डबा भरला, आणि तोच डबा दुपारी घरी बसून खाल्ला.

लालबागमध्ये बाईला नोकरी नसेल तर तिने मसाला करावा, असा एक अलिखित कायदा आहे. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकीने येऊन मला तो समजावला. तुझ्या हाताला चव नाही असं लग्नापासून ऐकवणारा माझा नवराही कॉटन ग्रीनच्या गोदामातून आल्या आल्या म्हणाला, "मसालो कर गो. खपता सगळो." मी मिरच्यांचं पोतं घरात आणलं नाही. मला येतं काय, याचा आठवडाभर विचार केला. उत्तर एकच आलं, आणि ते फार उत्साहवर्धक नव्हतं. मला कागद येतात.

आमच्याकडे प्रत्येक घरात कपाटावर एक पिशवी असते. साडीच्या दुकानाची, जाड प्लॅस्टिकची, बंद तुटलेली. त्यात रेशन कार्ड, पोरांचे लस टोचल्याचे कागद, विजेची बिलं, सासऱ्यांचा गिरणीतला पास, शाळा सोडल्याचा दाखला आणि चुकून राहिलेली एखादी लग्नपत्रिका असं सगळं सुखाने नांदत असतं. कागद हवा असला की पिशवी पलंगावर उलटी करायची आणि घरात भांडण सुरू करायचं. आता जिकडेतिकडे चाळी पाडून टॉवर उठताहेत, त्यामुळे या पिशव्यांना भाव आला आहे. तुम्ही इथे राहत होता, तुम्ही अमक्याची सून आहात, हे कागदाने सांगावं लागतं. माणसाने सांगून चालत नाही. मी ठरवलं, आपलं दुकान म्हणजे ही पिशवी. लोकांच्या घरच्या कागदांची फाइल लावून द्यायची.

धंद्याची नोंदणी करायला गेले तर फॉर्मवर प्रकारांची भलीमोठी यादी होती. खाद्यपदार्थ होते, शिवणकाम होतं, केस कापणं होतं. कागद लावणं नव्हतं. मी शेवटच्या रकान्यात 'इतर'वर खूण केली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तां माका पयल्यापासून म्हायत होता."

रे रोडच्या वखारीतून एक फळी आणली, खिडकीखाली दोन लोखंडी ब्रॅकेटांवर ठोकली, ते ऑफिस. भाजीच्या तीन प्लॅस्टिकच्या टोपल्या घेतल्या आणि त्यांवर चिठ्ठ्या लावल्या: आले, चालू, तयार. 'तयार'मध्ये पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने कांदे ठेवले. एक जाड रजिस्टर घेतलं. प्रत्येक घराला एक नंबर, एक पान. पानावर कागदांची यादी आणि खाली दोन ओळी: घेतले किती, दिले किती. देताना दोन्ही आकडे जुळले पाहिजेत आणि घेणाऱ्याची सही झाली पाहिजे. बस, एवढीच माझी पद्धत. कागदाच्या धंद्यात याच्यापुढे सगळा दिखावा असतो, असं माझं मत होतं आणि अजून आहे.

दमायला मात्र मी पहिल्या महिन्यातच सुरुवात केली. नोकरीत निदान एकच काम असतं. इथे सकाळी मालकीण, दुपारी कारकून, संध्याकाळी झेरॉक्स आणायला धावणारी शिपाई, आणि या तिघींच्या भाकऱ्या भाजणारी चौथीही मीच. दारावर वेळ लिहिली होती, अकरा ते एक आणि चार ते सात. ती फक्त मी वाचली असावी. लोक कुकरच्या शिट्टीत यायचे, आंघोळीच्या वेळी यायचे, आणि दारातूनच म्हणायचे, "काही नाही, दोन मिनिटांचं काम आहे." कुणाच्याही लेखी ते काम नव्हतंच. कागद नीट ठेवणं हे काय काम आहे? ते तर कुणीही करील. फक्त कुणी करत नाही, एवढंच. संध्याकाळी पाठ आखडून जायची आणि रजिस्टर मिटताना वाटायचं, सव्वीस वर्षांनंतर कशाला ही ब्याद मागे लावून घेतली.

मावशी आल्या त्या अशाच एका सोमवारी. आमच्या गल्लीच्या टोकाला सरकारी चाळ आहे, तिथल्या दुसऱ्या मजल्यावर त्या राहायच्या. साठीच्या, सडपातळ, एका शाळेत सेविका म्हणून निवृत्त झालेल्या. चाळीतल्या बुद्धविहारात सतरंज्या घालण्यापासून हिशेब ठेवण्यापर्यंत सगळं त्या करायच्या, म्हणून तोंडओळख होती. "जय भीम," म्हणत आत आल्या, पिशवी फळीवर ठेवली आणि खुर्चीवर न बसता म्हणाल्या, "तू कागद लावतेस म्हणे. माझे लावून दे. बारा दिवसांनी सुनावणी आहे."

गोष्ट साधी होती. खोली सासूच्या नावावर. नवरा पंधरा वर्षांपूर्वी वारला, मुलगी लग्न होऊन कल्याणला. सासूचं शेवटपर्यंत मावशींनीच केलं. दोन वर्षांपूर्वी सासू गेली आणि मावशींनी खोली आपल्या नावावर करायचा अर्ज दिला. आता चाळ पडणार होती. नव्या इमारतीत घर कुणाला, याची यादी लागणार होती, आणि ठरलेल्या दिवसाआधी ज्यांनी अर्ज दिला त्यांनाच ती यादी उघडी होती. मावशींनी वेळेत अर्ज दिला होता. त्याचा पुरावा म्हणजे एक पोच. बाकी सोळा कागद त्या कोण आहेत ते सांगत होते. सतरावा कागद सांगत होता की त्या वेळेत आल्या. तो नसता तर बाकीच्या सोळांना कुणी विचारलं नसतं आणि चाळीस वर्षं राहिलेल्या खोलीतून मावशींना लेकीच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं. हे त्यांनीच सांगितलं, रडत वगैरे नाही, वाण्याची यादी सांगावी तसं. शेवटी फक्त म्हणाल्या, "जावई चांगला आहे गं. पण दार त्याचं."

मी सतरा कागद मोजून घेतले. 'घेतले: सतरा' असं लिहिलं.

ती पोच म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाची बोटभर रुंद पट्टी होती. मावशींनी ती दोन वर्षं लग्नातल्या पातळाच्या घडीत ठेवली होती. अक्षरं फिकट होत चालली होती. नावातला काना तर जवळजवळ गेलाच होता.

आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, माझं लॅमिनेशनचं मशीन आलं.

लॅमिनेशनबद्दल आमच्या भागात काय भावना आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे कागदाला मान द्यायचा म्हणजे त्याला लॅमिनेट करायचं. पोराची दहावीची गुणपत्रिका लॅमिनेट, मेलेल्या बापाचा गिरणीचा पास लॅमिनेट, देवाचा फोटोही लॅमिनेट. शाल घालतात तसं. गिऱ्हाइकंच मला म्हणायची, सगळं करतेस तर लॅमिनेशन पण ठेव ना. मी मशीन घेतलं, माझं मतदार कार्ड घालून पाहिलं. झकास निघालं. टोपल्यांवरच्या चिठ्ठ्या घातल्या. त्याही झकास. मग माझी नजर त्या फिकट पट्टीकडे गेली. मला तिची कीव आली. म्हटलं, हिला आता वाचवलं पाहिजे, अजून चार महिन्यांत यावर काही उरायचं नाही.

आधी झेरॉक्स, मग बाकी सगळं, हा नियम मीच केला होता. पण झेरॉक्सला कागद नेताना चुरगळतो, लॅमिनेट केला की सपाट राहील, झेरॉक्सही चांगली येईल, असं मी स्वतःला सांगितलं. मोबाइलवर फोटो काढणं तेव्हा माझ्या पद्धतीत नव्हतं. फोटोला मी कागद मानतच नव्हते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ना.

पट्टी एका बाजूने पांढरी आत गेली आणि दुसऱ्या बाजूने काळी बाहेर आली. तव्यावर विसरलेल्या पोळीसारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला आधी वाटलं प्लॅस्टिकवर काही सांडलंय. पदराने पुसलं. मग उजेडात धरलं, तिरपं धरलं, भिंग आणलं. काही नाही. नाव नाही, तारीख नाही, नंबर नाही. त्या कागदाला ऊब लागली की तो काळा पडतो, एवढं साधं ज्ञान मला नव्हतं. ऑफिसात माझ्या काळी असले कागद येतच नसत. मला कागदातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीवर मी धंदा काढून बसले होते. मी मशीनची पिन काढली आणि पलंगावर बसून राहिले. भाजी करपल्याचंही शेजारणीने येऊन सांगितलं.

त्या दिवशी मी मावशींकडे गेले नाही. मी भ्याले, यापेक्षा चांगला शब्द नाही. बुधवारी सकाळी गुपचूप, मावशींनी अर्ज दिला होता त्या सरकारी कार्यालयात गेले. म्हटलं, दुसरी प्रत मिळाली तर मावशींना कळायचंही कारण नाही. दीड तास रांगेत उभी राहिले. खिडकीवरचा माणूस चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलायला वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, अर्जाचा नंबर सांगा."

"नंबर नाही. नाव आहे, तारीखही साधारण माहीत आहे."

"नावाने उघडत नाही."

"आवक रजिस्टर असेल ना? त्यात बघू या. मी शोधते हवं तर."

तो हसला. "ते केव्हाच बंद झालं. आता सगळं आत असतं," असं म्हणत त्याने कॉम्प्युटरवर बोटाने टकटक केलं. मला माझी चौदा कपाटं आठवली. त्यात मी दोन मिनिटांत शोधलं असतं, नाव सांगा नाहीतर नुसतं आडनाव सांगा.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो पायातली चप्पल काढता काढता थांबला. "सांगान टाक गो त्यांका," म्हणाला. "आज ना उद्या कळतलाच. तुझ्या तोंडून कळांदे." आयुष्यात तो शहाण्यासारखं फार कमी वेळा बोलतो. नेमका तेव्हाच मला राग येतो.

गुरुवारी सकाळी गेले. मावशी दाराशी बसून पावटे सोलत होत्या. मी ती काळी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं. सांगताना एक दिवस खाल्ला. "काल झालं," म्हणाले. मंगळवारचं मी बुधवारचं केलं, म्हणजे मधल्या चोरट्या फेरीबद्दल बोलायला नको. एवढ्या मोठ्या खऱ्यात हे एवढंसं खोटं कशाला घातलं, मला आजही सांगता येत नाही.

मावशींनी पट्टी उलटसुलट केली. मग त्या माझ्यावर जे ओरडल्या, ते अख्ख्या मजल्याने ऐकलं. "तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? दोन वर्षं माझ्या पातळात होता कागद, त्याला काय झालं नाही. तुझ्या घरी एक दिवस राहिला आणि मेला! फाइल कर म्हटलं होतं, भाजून दे म्हटलं होतं का?"

त्या खूप वेळ बोलल्या. मग थांबल्या, सूप बाजूला सारलं आणि आपल्याशीच म्हणाल्या, "नंबर मी लिहिला होता. असल्या गुळगुळीत कागदाचा मला भरवसा नाही."

"कुठे लिहिला होता मावशी?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे कॅलेंडर होतं. आमच्या सगळ्या घरांत असतं तसं, तारखेच्या चौकोनात दूध, गॅस, पाहुणे, सगळं लिहिलेलं. पण ते या वर्षीचं होतं. दोन वर्षांपूर्वीचं कुठे, असं विचारल्यावर त्यांनी बोट थोडं वर नेलं. भांड्यांची फळी. एक, दोन, तीन, चार फळ्या, भिंतभर. वर्ष संपलं की कॅलेंडरची पानं डब्यांखाली घालायची, ही त्यांच्या सासूची रीत. आमच्याही घरी हेच करतात. शाई खाली, मागची कोरी बाजू वर.

मी पदर खोचला. दुसरं काय करणार?

आम्ही पहिल्या फळीपासून सुरुवात केली. स्टीलचे डबे, पितळी तांबे, लग्नात आलेली आणि कधीच न वापरलेली ताटं, लोणच्याच्या बरण्या. मी स्टुलावर चढून खाली द्यायचे, त्या जमिनीवर मांडायच्या. गुडघे बोलायला लागले, बोटं काळी झाली. शेजारची एक बाई डोकावली. "काय गं मावशे, घर बदलतेयस?" मावशी म्हणाल्या, "बदलायला लागू नये म्हणून चाललंय."

पान निघालं की मी ते उलटं करायचे आणि त्या चष्मा लावून महिना बघायच्या. सासू गेल्यावर विहारात झालेल्या पुण्यानुमोदनाच्या पुढच्या आठवड्यात अर्ज दिला होता, त्यामुळे महिना ठाऊक होता. पण पानं काही क्रमाने लागत नव्हती, आणि एकदा हातात आलेलं पान वाचल्याशिवाय खाली ठेवणं दोघींनाही जमेना. 'दूध नाही.' 'गॅस लावला.' 'लेकीचा फोन.' मग खालच्या फळीपासून सासू सुरू झाली. 'आई दोन घास जेवल्या.' 'आईंना अंघोळ.' 'आई आज उठून बसल्या.' 'आई बोलल्या नाहीत.' 'आई बोलल्या नाहीत.' पुढच्या चौकोनात नुसता एक ठिपका होता. तो कसला, हे मी विचारलं नाही. मावशींनी ते पान गुडघ्यावर ठेवून हाताने सरळ केलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. सव्वीस वर्षं मी कागद सांभाळले, पण असा कागद एकदाही माझ्या हाताखालून गेला नव्हता. मला माझ्या रजिस्टरची लाज वाटली आणि मी स्टुलावरच तोंड फिरवून डोळे पुसले.

हवं ते पान पिठाच्या डब्याखाली सापडलं. तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'खोलीचा अर्ज दिला', आणि खाली नंबर. डब्याच्या कडेचा गंज कोऱ्या बाजूने आरपार गोल उतरला होता आणि नेमका शेवटच्या आकड्यावरून गेला होता. तीन होता की आठ, कळेना. मावशी म्हणाल्या तीन. मग म्हणाल्या आठ. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, मला आता काहीच दिसत नाही." सगळी खोली भांड्यांनी भरली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही दोघी त्यात तशाच बसलो आणि सकाळचे पावटे सोलून संपवले.

शुक्रवारी दोघी मिळून त्या खिडकीवर गेलो. चष्म्यावाल्याने मान वर केली आणि मला म्हणाला, "बुधवारी सकाळी आल्या होतात ना तुम्ही? मिळाला नंबर?"

मावशी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनीही काही विचारलं नाही. फक्त पिशवीतून ते गंजलेलं पान काढून खिडकीत सरकवलं.

आधी तीन घालून पाहिलं. पडद्यावर कुणातरी दुसऱ्याच माणसाचं नाव आलं. आठ घातला. त्याने पडदा आमच्याकडे वळवला. मावशींचं नाव होतं, कान्यासकट, आणि तारीख होती. यंत्रातून नवी पोच निघाली. तीही तसल्याच गुळगुळीत पट्टीची. मी हात पुढे करायच्या आत मावशींनी ती घेतली, खिडकीवरचं दोरीला बांधलेलं पेन ओढलं आणि नंबर तळहातावर लिहून काढला. मगच पट्टी माझ्याकडे देत म्हणाल्या, "जा, झेरॉक्स काढ. आणि चूल लांब ठेव."

मी पाच झेरॉक्स काढल्या. फोटोही काढला.

सुनावणी झाली. आत त्या एकट्याच गेल्या, मी बाहेर बाकावर फाइलची दुसरी प्रत मांडीवर घेऊन बसले. दहा मिनिटं लागली असतील. बाहेर येऊन म्हणाल्या, "झालं. नाव घेतलं यादीत." दोघींच्या अंगातलं सगळं पाणी गेल्यासारखं झालं होतं. टॅक्सी करू या म्हटलं तर म्हणाल्या, "चालू गं, आता घाई कसली?" परळपासून लालबागपर्यंत आम्ही चालत आलो.

दुसऱ्या दिवशी त्या फाइल न्यायला आल्या. मी कागद मोजून त्यांच्यासमोर ठेवले. सोळा. नवी पोच वेगळी, तिची वेगळी नोंद केली होती. काळी पट्टी मी खणात ठेवली होती. रजिस्टरमध्ये 'दिले: सोळा' लिहिलं आणि सहीसाठी त्यांच्यापुढे केलं. त्या एका पानावर आकडे जुळत नव्हते आणि ते तसंच राहायला हवं, असं मी ठरवलं होतं. पट्टी समोरच्या भिंतीवर लावायची, रोज दिसेल अशी, हेही ठरवलं होतं.

मावशींनी चष्मा लावला. "सतरावा कुठंय?"

"तो वाया गेला ना, मावशी. तो मी ठेवते."

"का? तुझा आहे का?" त्यांनी हात पुढे केला. "चूक तुझी. कागद माझा. आण इकडे."

मी खण उघडून पट्टी दिली. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, 'सोळा' खोडलं, वर 'सतरा' लिहिलं आणि सही केली. शाळेत शिकवतात तशी, प्रत्येक अक्षर सुटं. भिंतीवर ठोकायला काढलेला खिळा माझ्याकडे तसाच राहिला. पुढे नवऱ्याने त्याला छत्री अडकवली.

त्यानंतर महिन्याभराने त्यांनी चहाला बोलावलं. चाळ पडायला अजून वेळ होता. डबे पुन्हा फळ्यांवर गेले होते, खाली नवी पानं घातली होती. ओट्यावर तेलाची बाटली होती आणि तिच्याखाली ती काळी पट्टी. मी बघतेय असं पाहून मावशी म्हणाल्या, "फार कामाचा कागद केलास बघ. तेल सांडलं तरी पुसलं की स्वच्छ." मला हसायला आलं, पण हसायलाही त्या दिवसांत माझ्यात जीव नव्हता. दिवसभरात सहा पिशव्या आल्या होत्या.

त्या चहा गाळायला वळल्या तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागे उलटलं. दुसऱ्याचा कागद न विचारता वाचणं ही माझी जुनी खोड. तो गुरुवार शोधला. चौकोनात त्यांच्या बारीक अक्षरात होतं: 'फाइलवाली आली. कागद काळा. खरं बोलली.'

मी म्हटलं, "मावशी, ते बुधवारी नव्हतं झालं. मंगळवारी झालं होतं. बुधवारी मी तुमच्या चोरून..."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "त्या खिडकीवाल्याने नाही का तुला विचारलं?"

"मग हे असं का लिहिलंय? दुसऱ्या दिवशी खोडायचं तरी."

त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि पान पुन्हा चालू महिन्यावर आणून सारखं केलं.

"चौकोन लहान असतो गं," म्हणाल्या. "सगळं कुठं मावतं त्यात?"